जुनी डीडीआर४ रॅम ठेवून गेमिंग पीसीचा प्रोसेसर बदलायचा आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१७ ते २०२२ या काळात आपल्याकडे जोडलेल्या बहुतेक गेमिंग पीसींमध्ये डीडीआर४ रॅम आहे. हे पीसी अजून धडधाकट आहेत, फक्त नव्या गेममध्ये दमतात. मी स्वतः बी४५० मदरबोर्ड आणि एएमडीच्या रायझन ५ २६०० या प्रोसेसरवर सुरुवात केली. तोच बोर्ड आणि त्याच रॅमच्या पट्ट्या आजही माझ्या टेबलाखाली चालू आहेत, प्रोसेसर तेवढा बदलला. तेव्हापासून मित्रांचे, भाच्यांचे, सोसायटीतल्या मुलांचे पीसी उघडताना जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

एवढी जुनी रॅम ठेवण्यात अर्थ आहे का? एकदाच सगळं नवं घेतलेलं बरं नाही का?

बोर्ड साथ देत असेल तर अर्थ आहे, आणि सध्या तर फारच आहे. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीत कंपन्यांना जास्त पैसा मिळतो, म्हणून कारखाने तिकडे वळले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने घरगुती ग्राहकांसाठीचा आपला क्रुशल हा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या पहिल्या पीसीत क्रुशलचीच पट्टी होती.

नवा, एएमडीचा एएम५ किंवा इंटेलचा एलजीए१८५१ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची बैठक) घेतला की डीडीआर५ घ्यावीच लागते. म्हणजे प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम असे तीन खर्च एकदम अंगावर येतात. तेच पैसे एका चांगल्या प्रोसेसरवर घालून उरलेले ग्राफिक्स कार्डासाठी बाजूला ठेवले, तर गेममध्ये फरक जास्त दिसतो.

आणि जुनी रॅम दिसते तितकी मंद नाही. एक सोपा हिशेब करून बघा. डीडीआर४-३२०० सीएल१६ (३२०० ही गती, सीएल म्हणजे डेटा द्यायला लागणारा विलंब) असेल तर १६ ला २००० ने गुणा आणि ३२०० ने भागा, उत्तर येतं १० नॅनोसेकंद. डीडीआर५-६००० सीएल३० चं उत्तरही १० नॅनोसेकंदच येतं. सीएल हा एकूण वेळेचा एक भाग आहे हे खरं, पण तेवढ्या भागात दोघी बरोबरीच्या आहेत. मोठा फरक पडतो तो एका दमात किती डेटा वाहून आणता येतो यात. दोन पट्ट्यांची डीडीआर४-३२०० सेकंदाला जास्तीत जास्त ५१.२ जीबी आणते, तर डीडीआर५-६००० आणते ९६ जीबी. पण गेमला एका वेळी भरपूर डेटापेक्षा थोडा डेटा पटकन हवा असतो. पुढे कॅशबद्दल (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) जे लिहिलं आहे, त्याचं मूळ इथेच आहे.

डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या बोर्डात बसते का?

नाही. दोन्हींना २८८ पिनाच असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही वेगळं असतं. जोर लावून बसवायला जाऊ नका, स्लॉट तुटेल. डीडीआर३ वाल्यांना मात्र सांगावं लागतं की तिथे ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही.

अडथळा प्रोसेसरचाच आहे हे कसं ओळखायचं?

पैसे खर्च करण्याआधी ही एक संध्याकाळ नक्की द्या. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारा रिव्हाट्यूनर हे खेळताना स्क्रीनवर आकडे दाखवणारे प्रोग्राम टाका. तुम्ही जो गेम खरोखर खेळता, त्यातल्या सगळ्यात गर्दीच्या जागी उभे राहा: सायबरपंक २०७७ मधला बाजार, किंवा काउंटर-स्ट्राइक २ मध्ये सगळे जण एका ठिकाणी धूर सोडतात तो क्षण. स्क्रीनवर ग्राफिक्स कार्डाचा वापर बघा. तो ९५ टक्क्यांच्या वर टिकून असेल, तर प्रोसेसर आपलं काम नीट करतोय आणि दमलंय ते कार्ड. तो ६०-७० वर घुटमळत असेल आणि फ्रेम रेटवर तुम्ही मर्यादा घातलेली नसेल, तर कार्ड प्रोसेसरची वाट बघत बसलंय.

याहून खात्रीची चाचणी म्हणजे रिझोल्युशन १०८०पी वरून ७२०पी वर आणा. फ्रेम भरभर वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. जवळपास तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर कमी पडतोय, कारण चित्र लहान केल्याने कार्डाचं ओझं उतरतं, प्रोसेसरचं नाही. एका पाठोपाठ एक फ्रेमची आखणी प्रोसेसरला करावीच लागते, मग चित्र केवढंही असो.

टास्क मॅनेजरमधल्या एकूण टक्केवारीवर जाऊ नका. सहा कोरांच्या (कोर म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग) प्रोसेसरचा वापर ४५ टक्के दिसतो आणि लोक म्हणतात, अर्धा तर मोकळाच आहे! पण बहुतेक गेमचं मुख्य काम एक-दोन कोरांवरच एकवटलेलं असतं. ते भरले की बाकीचे मोकळे असून उपयोग होत नाही.

सरासरी फ्रेमबरोबर सगळ्यात मंद १ टक्का फ्रेमचा आकडाही लिहून ठेवा. सरासरी ९० आणि हा आकडा ३५ असेल, तर हाताला जाणवणारे झटके तिथून येतात. प्रोसेसर बदलल्यावर सगळ्यात जास्त सुधारतो तो हाच आकडा.

मी १४४०पी वर खेळतो. मला फायदा होईल का?

गेमवर अवलंबून आहे. रिझोल्युशन जितकं मोठं, तितकं ओझं कार्डावर सरकतं. पण हल्ली बरेच जण डीएलएसएस किंवा एफएसआर (लहान चित्र मोठं करून दाखवणाऱ्या सोयी) लावून खेळतात. तेव्हा चित्र आतल्या आत लहान आकारात बनतं, त्यामुळे प्रोसेसरची मर्यादा पुन्हा वर येते. वरची चाचणी तुमच्या नेहमीच्या सेटिंगवरच करा.

माझा बोर्ड कोणता प्रोसेसर घेईल?

सीपीयू-झेड नावाचा मोफत प्रोग्राम उघडा, मेनबोर्ड टॅबवर बोर्डाचं नाव आणि चिपसेट दिसतो. मग बोर्ड कंपनीच्या साइटवर त्याच नावाच्या पानावर जाऊन प्रोसेसरची यादी बघा. अंतिम शब्द त्या यादीचा, दुकानदाराचा नाही आणि माझाही नाही. नाव अक्षरन् अक्षर जुळवा, कारण एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन-तीन आवृत्त्या असतात.

एएम४ हा रायझनचा जुना सॉकेट; तो असलेल्यांचं नशीब चांगलं. २०१७ च्या पहिल्या रायझनपासून २०२० च्या ५००० मालिकेपर्यंत सगळं एकाच सॉकेटमध्ये बसतं. बी४५०, एक्स४७०, बी५५०, एक्स५७०, ए५२० हे सगळे ५००० मालिका घेतात, बायोस (बोर्ड सुरू करणारा त्याच्यातला प्रोग्राम) नवा असला म्हणजे झालं. २०१७ चे ए३२०, बी३५० आणि एक्स३७० बरीच वर्षं बाहेर ठेवले होते, २०२२ मध्ये एएमडीने त्यांनाही दार उघडलं. मात्र प्रत्येक बोर्डाचा बायोस त्या त्या कंपनीने काढला असेलच असं नाही, म्हणून यादी बघायचीच.

एएम४ वर नेमका कोणता घेऊ?

आज काय आहे त्यावर ठरतं.

रायझन १६००, १७००, २६०० किंवा २७०० असेल, तर साध्या ५६०० नेसुद्धा पीसी नवा वाटेल. हे मी अनुभवाने सांगतो. यामागचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. रायझनच्या पहिल्या तीन पिढ्यांत कोर चार-चारच्या गटांत विभागलेले होते आणि प्रत्येक गटाची कॅश वेगळी. एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडं, मध्ये भिंत. इकडच्याला तिकडची वस्तू हवी असली की बाहेरून वळसा घालून जावं लागायचं. २०२० मध्ये झेन ३ ने, म्हणजे ५००० मालिकेच्या रचनेने, ती भिंत पाडली: आठही कोर एका गटात आणि ३२ एमबी कॅश सगळ्यांच्या सामाईक मालकीची. गेमचे धागे, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं, एकमेकांशी सतत बोलत असतात, म्हणून हा बदल सगळ्यात जास्त गेममध्ये दिसला.

रायझन ३६०० असेल तर ५६०० ने फरक पडेल, पण प्रोसेसर खरोखर अडथळा असेल तरच तो जाणवेल. ३६०० वाल्यांनी मी म्हणेन थोडं थांबून, पैसे जमवून एक्स३डी (जास्त कॅशचा प्रोसेसर, पुढे सांगितला आहे) बघावा. एकाच सॉकेटवर दोनदा पैसे घालण्यापेक्षा एकदाच शेवटची पायरी गाठलेली चांगली.

आधीच ५६०० असेल तर पुढची पायरी फक्त एक्स३डी. ५६००एक्स किंवा ५६००एक्सटी साठी पैसे घालवू नका.

खेळता खेळता स्ट्रीमिंग किंवा व्हिडिओ एडिटिंगही करत असाल तर ५७००एक्स बघा: आठ कोर, ६५ वॉट, साध्या बोर्डावरही शांत चालतो. ५९००एक्स आणि ५९५०एक्स निव्वळ गेमसाठी घेऊ नका. त्यांत दोन वेगळ्या चिपा असतात, म्हणजे पाडलेली भिंत परत उभी.

एक्स३डी म्हणजे काय? त्याचं एवढं कौतुक का?

कारण जुन्या रॅमच्या पीसीसाठी याहून चपखल वस्तू मला माहीत नाही.

प्रोसेसरला डेटा हवा असतो तेव्हा तो आधी स्वतःच्या पोटातल्या कॅशमध्ये शोधतो. तिथे नसेल तर रॅमपर्यंत जावं लागतं, आणि प्रोसेसरच्या हिशेबाने ती लांबची खेप. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डी मध्ये एएमडीने नेहमीच्या ३२ एमबी कॅशच्या डोक्यावर आणखी ६४ एमबीचा थर चढवला. एकूण ९६ एमबी. स्वयंपाकघरात हाताशी मोठं फडताळ आलं की दर वेळी वाण्याकडे पळावं लागत नाही, तसं. रॅमकडे जाण्याच्या खेपा कमी झाल्या, म्हणून रॅम ३६०० ची आहे की ३००० ची, यानेही फारसा फरक पडेनासा झाला. जुन्या पट्ट्यांचं जे उणं आहे, ते हा प्रोसेसर झाकून घेतो.

याची किंमतही मोजावी लागली. वरच्या थरामुळे उष्णता बाहेर पडायला अडते आणि व्होल्टेज कमी ठेवावं लागतं, म्हणून साधा ५८००एक्स ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातो तर हा ४.५ वर थांबतो. तरीही बहुतेक गेममध्ये एक्स३डी पुढे जातो. व्हिडिओ रेंडर करण्यासारख्या कामात त्याचा काही फायदा नाही, उलट किंचित मागे राहतो.

जानेवारी २०२४ मध्ये त्याचा धाकटा भाऊ ५७००एक्स३डी आला. तीच ९६ एमबी कॅश, तेच आठ कोर, वेग ४.१ गिगाहर्ट्झ. आल्या वेळी ५८००एक्स३डी ची किंमत ४४९ डॉलर होती, ५७००एक्स३डी ची २४९. दोघांतला गेममधला फरक थोडा आहे, त्यामुळे जो रास्त भावात मिळेल तो घ्या. नवे डबाबंद नग आता दुकानांत सहज दिसत नाहीत. सेकंड हँडबद्दल पुढे लिहिलं आहे. ५६००एक्स३डी नावाचा सहा कोरांचा भाऊही आहे, पण २०२३ मध्ये तो फक्त अमेरिकेतल्या मायक्रो सेंटरच्या दुकानांत विकायला होता. तिकडून कुणी येताना आणत असेल तर वस्तू उत्तम आहे, फक्त वॉरंटीचं काम पडलं तर इथे अडचण होऊ शकते.

मुद्दाम सांगतो: एक्स३डी चा फायदा सगळ्या गेममध्ये सारखा नसतो. सिम्युलेशन, स्ट्रॅटेजी, मोठ्या ऑनलाइन लढाया, रेसिंग सिम्युलेटर यांत तो डोळ्यांत भरतो. कार्डच जिथे दमलेलं आहे, अशा संथ कथाप्रधान गेममध्ये कळणारही नाही.

५५००, ५६००जी, ५७०० हे तर स्वस्त मिळतात. ते घेऊ का?

इथे बरेच जण फसतात, कारण नावं अगदी जवळची आहेत. ५५००, ५६००जी, ५६००जीटी आणि शेवटी एक्स नसलेला ५७०० हे मुळात वेगळ्या चिपेवर बनलेले आहेत. त्यांत एल३ कॅश ३२ नव्हे, १६ एमबी असते. शिवाय पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक्स कार्डाला जोडणारा रस्ता) ४.० ऐवजी ३.० मिळतं. आरएक्स ६५०० एक्सटी सारख्या चारच लेनच्या कार्डाला ३.० वर जबर फटका बसतो. आठ लेनच्या आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० ला तितका नाही.

५७०० हा ५६०० पेक्षा मोठा आकडा आहे म्हणून दुकानात तो वरचढ सांगितला जातो. गेमसाठी ५६०० सरस. ग्राफिक्स कार्डच नसेल तर ५६००जी कामाचा, पण मग आपण या पानावर नाही.

इंटेलच्या जुन्या पीसीत काय करता येईल?

एएम४ इतकी मोकळीक नाही. आठवी आणि नववी पिढी एका बोर्डावर, दहावी आणि अकरावी दुसऱ्यावर, बारावी ते चौदावी तिसऱ्यावर.

दहाव्या पिढीचा आय३-१०१००एफ असेल तर त्याच बोर्डावर आय५ किंवा आय७ ला जाता येतं. पण एच४१० आणि बी४६० बोर्डावर अकरावी पिढी सहसा चालत नाही, आणि तिथे रॅमलाही कुलूप असतं: ३२०० ची पट्टी आय५ बरोबर २६६६ वरच धावते. बी५६० मध्ये हे कुलूप निघालं.

आठव्या-नवव्या पिढीचे आय७-९७००के किंवा आय९-९९००के वापरलेलेसुद्धा महाग विकले जातात. तिथे मी वेगळा मार्ग सांगतो. बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही घेते. कोणती, ते बोर्ड ठरवतो. म्हणून डीडीआर४ चा बी६६० किंवा बी७६० बोर्ड आणि आय५-१२४००एफ घ्या, रॅम आपली जुनीच. बोर्ड घेताना नावात डी४ किंवा डीडीआर४ लिहिलंय का ते डब्यावर वाचूनच पैसे द्या. नावात के नसलेल्या प्रोसेसरवर ३६०० ची रॅम गिअर १ मध्ये (प्रोसेसरच्या मेमरी नियंत्रकाच्याच तालात) चालेलच असं नाही, ३२०० वर ठेवलेली बरी.

तेराव्या-चौदाव्या पिढीचे मोठे प्रोसेसर वापरलेले घेताना जपा. व्होल्टेजच्या दोषामुळे त्यातले बरेच हळूहळू खराब झाले. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून त्यावर मायक्रोकोड (बायोसमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) दिला आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली, पण आधी झालेली हानी बायोसने भरून निघत नाही. १२४००एफ या भानगडीत नाही.

माझी रॅम २४०० किंवा २६६६ ची आहे. ती तरी बदलावी लागेल ना?

आधी ती खरोखर कितीवर धावतेय ते बघा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर गती लिहिलेली असते. माझ्या ३२०० च्या पट्ट्या दोन वर्षं २१३३ वर चालत होत्या, कारण पीसी जोडून देणाऱ्या दुकानात एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील गतीवर चालवणारी बायोसमधली सेटिंग) सुरूच केलं नव्हतं आणि मला ते बघायचं असतं हे ठाऊक नव्हतं. दोन वर्षं मी ज्या वेगाचे पैसे भरले, तो मला मिळाला नाही. म्हणून कुणाचाही पीसी उघडण्याआधी मी पहिलं पान तेच बघतो. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी सुरू करा. असुसच्या एएमडी बोर्डावर त्याला डीओसीपी म्हणतात. काम एका मिनिटाचं, खर्च शून्य.

पट्ट्या मुळातच २६६६ च्या असतील, तरी पळत जाऊन नव्या आणू नका. रायझन ५००० वर ३२०० ते ३६०० ही चांगली पातळी, कारण तिथपर्यंत प्रोसेसरमधले भाग जोडणारा इन्फिनिटी फॅब्रिक आणि रॅम एकाच तालात चालतात. बऱ्याच २६६६ च्या पट्ट्या १.३५ व्होल्टवर ३००० पर्यंत जातात. जपून, एकेक पायरी चढा आणि प्रत्येक वेळी मेमटेस्ट८६ ने तपासा. एकही चूक निघाली तरी मागे या, नाहीतर विंडोजच्या फायली खराब होतील. आणि प्रोसेसर एक्स३डी घेणार असाल, तर २६६६ चं दुःख बरंच हलकं होतं.

८ जीबीची एकच पट्टी आहे. तशीच दुसरी आणली तर चालेल?

चालेल, आणि आणाच. एका पट्टीवर रॅमचा अर्धा रस्ता बंद असतो. दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. शक्यतो तोच मॉडेल क्रमांक घ्या. वेगळी पट्टी लावली तर दोघी हळूच्या गतीने चालतात.

१६ जीबीच्या चार पट्ट्या भरायच्या असतील तर गती थोडी उतरू शकते. रायझन ५००० साठी एएमडीचा अधिकृत आकडा चार दुहेरी रँकच्या (चिपांचे दोन संच असलेल्या) पट्ट्यांना २६६६ आहे, दोनला ३२००. आजच्या गेमला १६ जीबी बहुतेक ठिकाणी पुरते. पाठीमागे क्रोम आणि डिस्कॉर्ड उघडं ठेवायची सवय असेल तर ३२ सोयीची.

बायोस अपडेट करताना बोर्ड मेला तर?

भीती खरी आहे, पण नीट केलं तर धोका फार कमी.

सगळ्यात महत्त्वाचं: जुना प्रोसेसर बोर्डात असतानाच अपडेट करा. नवा लावून मग बायोस शोधणारे रात्रभर काळ्या स्क्रीनसमोर बसतात. पेन ड्राइव्ह फॅट३२ करा, फाइल कंपनीच्याच साइटवरून घ्या आणि बायोसच्या आतल्या सोयीने टाका. वीज जाण्याची जरा जरी शक्यता असेल तर यूपीएसशिवाय हात लावू नका. आपल्याकडे वळवाच्या पावसात संध्याकाळी हे काम मी कधीच करत नाही, सकाळी करतो.

त्याआधी एक काम न विसरता करा. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) सुरू आहे का ते पाहा, आणि असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. एएमडी बोर्डांवर टीपीएम, म्हणजे या कुलपाची किल्ली सांभाळणारा भाग, बहुधा प्रोसेसरच्या आतच असतो. प्रोसेसर बदलला की ती किल्लीही बदलते आणि विंडोज ४८ अंकी क्रमांक मागत उभं राहतं. एका मैत्रिणीच्या पदवीच्या प्रकल्पाच्या सगळ्या फायली अशा अडकल्या होत्या. की तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर सापडली म्हणून निभावलं.

अपडेटनंतर बायोसच्या सेटिंग मूळ पदावर येतात, तेव्हा एक्सएमपी पुन्हा सुरू करा. काही जुन्या बोर्डांची बायोस चिप १६ एमबीचीच असते, त्यामुळे नव्या प्रोसेसरांना जागा करताना अगदी जुन्यांचा आधार काढलेला असतो. नव्या बायोसच्या पानावरची टीप शेवटपर्यंत वाचा.

कूलर आणि एसएमपीएस बदलावे लागतील का?

२६०० वरून ५६०० वर जात असाल तर नाही. दोन्ही ६५ वॉटचे आहेत आणि ५६०० च्या डब्यात छोटा कूलर येतो. ५७००एक्स आणि एक्स३डी च्या डब्यात कूलर नसतो. एक्स३डी साठी चार हीटपाइपचा चांगला टॉवर कूलर घ्या, पाण्याच्या कूलरची गरज नाही. एसएमपीएसचा खरा भार ग्राफिक्स कार्डाचा असतो.

हवामानाचा विचार मात्र आपल्याला करावाच लागतो. परदेशी चाचण्या साधारण २०-२२ अंशांच्या खोलीत झालेल्या असतात. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूरला बाहेर ४५ असतं आणि माळ्यावरच्या खोलीत संध्याकाळीही ३८-४०. खोली जितकी तापते, प्रोसेसर जवळपास तितकाच वर जातो. ५८००एक्स३डी ची मर्यादा ९० अंश आहे. ती गाठली की तो जळत नाही, वेग कमी करतो. तिकडच्या मित्रांना मी कॅबिनेटला पुढून दोन पंखे आणि मागून एक, एवढं सांगतो. कोकणात उष्णतेपेक्षा दमट हवा आणि धूळ मिळून बसणारा चिकट थर त्रास देतो, तिथे दर काही महिन्यांनी हीटसिंक साफ करणं हाच उपाय.

जुना प्रोसेसर काढताना काय जपायचं?

एएम४ ला पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, १,३३१. जुनी थर्मल पेस्ट सुकून गोंदासारखी झालेली असते. कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्यासोबत येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी पीसी पंधरा मिनिटं एखाद्या गेमवर तापवा, बंद करून वायर काढा, आणि कूलर डावी-उजवीकडे हळूहळू पिळत सैल करा. ओढायचं नाही, पिळायचं.

तरी पिन वाकलीच तर घाबरू नका. लीड काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलीच्या टोकाने, उजेडात, हलक्या हाताने ती सरळ होते. मी एकदा सात पिना अशा सरळ केल्या. तास गेला, पण तो प्रोसेसर आजही एका शाळकरी मुलाच्या पीसीत चालतोय. नवा बसवताना कोपऱ्यातला त्रिकोण जुळवा. तो आपल्या वजनाने खाली बसला पाहिजे. बोटाने दाबावं लागत असेल तर काहीतरी चुकतंय.

विंडोज पुन्हा टाकावं लागेल का?

सहसा नाही. पीसी चालू होतो, ड्रायव्हर आपले आपण जुळतात. विंडोजचं लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला आधी जोडून ठेवा. एक जास्तीचा फायदाही आहे: विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि पहिल्या पिढीचे रायझन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. ५००० मालिका आहे. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायला टीपीएम आणि सिक्युअर बूट लागतात. बायोस अपडेटनंतर ते बंद झाले असतील तर सुरू करा.

सेकंड हँड प्रोसेसर घेणं सुरक्षित आहे का?

प्रोसेसर हा पीसीतला सगळ्यात टिकाऊ भाग, त्यामुळे मी बिनदिक्कत घेतो. पण हातात घेऊन. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा किंवा ऑनलाइन जाहिरातीवरून भेटा, चालू पीसीत बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सीपीयू-झेडमध्ये नाव आणि एल३ कॅशचा आकडा वाचा, एक्स३डी म्हणून विकतोय तर तिथे ९६ एमबी दिसलीच पाहिजे. दहा मिनिटं सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारा चाचणी प्रोग्राम) चालवा. मग मोबाइलच्या टॉर्चखाली पिनांच्या रांगा तिरक्या बघा, वाकडी पिन लगेच दिसते. मूळ बिल मागा. डबाबंद रायझनला तीन वर्षांची वॉरंटी असते, ट्रे म्हणून सुटा विकलेल्याला ती नसते.

माझा जुना प्रोसेसर विकू की ठेवू?

नवा महिनाभर नीट चालेपर्यंत ठेवा. काही बिघडलं तर दोष कुठे आहे ते शोधायला तोच उपयोगी पडतो, आणि एखाद्या वेळी बायोस परत टाकायलाही. नंतर विका किंवा घरातल्या एखाद्या मुलाला पहिला पीसी जोडून द्या, २६०० आणि ३६०० अजून भरपूर काम करतात. नव्याच्या डब्यातला प्लॅस्टिकचा साचा फेकू नका. जुना प्रोसेसर त्याच्यात बरोबर बसतो आणि पिना शाबूत राहतात.